वाटीखालचं दुखणं: विश्रांतीनंतर ते परत का येतं आणि पटेलर टेंडनला नेमकं काय द्यावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय याची खात्री होईल. वय २३, पोलीस भरतीची तयारी. उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या अगदी खालच्या टोकाला दुखतं. अकॅडमीत बेडूकउड्या आणि टेकडीवरचे राउंड सुरू झाल्यावर काही आठवड्यांत दुखणं लागलं. दोन महिने पूर्ण आराम केलात, बरं वाटलं, मैदानावर परतलात आणि त्याच आठवड्यात पुन्हा तेच. एमआरआयच्या रिपोर्टात ‘पटेलर टेंडनमध्ये टेंडिनोसिस, छोटी अर्धवट फाट’ असं लिहिलंय, म्हणजे वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारा पट्टा (पटेलर टेंडन) भाराने खराब झालाय (टेंडिनोसिस). एका डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं, दुसऱ्यांनी सहा महिने पळणं बंद करायला सांगितलं, घरचे म्हणतात मालीश करून शीर बसवून घे. मैदानी चाचणी साधारण दहा आठवड्यांवर आली आहे आणि तुम्ही विचारताय, यातलं कुणाचं ऐकू?

मी क्रीडा फिजिओथेरपीत काम करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत व्हॉलीबॉल, कबड्डी, खो-खो खेळणारी मुलंमुली आणि भरतीची तयारी करणारे खूप असतात, त्यामुळे तुमची गोष्ट मला चांगलीच ओळखीची आहे. कुणाचं ऐकायचं, त्याआधी आणखी एक प्रश्न सोडवावा लागेल: तुमचं टेंडन आज किती भार सोसतं, आणि तो भार कोणत्या वेगाने वाढवता येईल? याचं उत्तर मिळालं की इंजेक्शन, आराम आणि मालीश या तिन्हींची किंमत आपोआप कळते.

आधी दुखणं खरंच टेंडनचं आहे ना, हे बघू. लांबून निदान करता येत नाही, पण काही खुणा तुम्ही स्वतः तपासू शकता. कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा. पटेलर टेंडनचं दुखणं असलेला माणूस बहुतेक वेळा वाटीच्या खालच्या टोकावर बोट ठेवतो आणि ते बोट तिथून हलत नाही. ज्याचं दुखणं वाटीच्या मागचं असतं तो अख्खा तळवा गुडघ्यावर फिरवतो. दुसरी खूण जास्त महत्त्वाची. भार वाढला की दुखणं त्याच जागी वाढतं: दोन पायांवर बसताना थोडं, एका पायावर बसताना जास्त, उडी मारून उतरताना सर्वांत जास्त. अंग गरम झालं की बऱ्याच वेळा ते कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना पुन्हा डोकं वर काढतं. तुमच्या वर्णनात हे सगळं आहे. सपाटीवर सावकाश पळताना मात्र फारसं दुखत नाही असं तुम्ही लिहिलंय. तेही टेंडनच्याच बाजूने बोलतं, कारण या टेंडनला खरा त्रास उडी, अचानक थांबणं आणि जोरदार वेग घेणं यांचा होतो.

भाऊ चौदा वर्षांचा आहे आणि त्यालाही दुखतं असं ओघात लिहिलंय, त्याचं आताच सांगून टाकतो. त्या वयात वाटीखाली नडगीच्या हाडावर जो उंचवटा असतो तिथे दुखून गाठ आल्यासारखी दिसली, तर ते बहुधा ऑस्गुड-श्लॅटर असतं. वाढत्या हाडावर टेंडनची ओढ बसल्यामुळे ते होतं, आणि खेळ थोडा कमी करून वाढीचा काळ सरला की बहुतेक मुलांचं थांबतं. एकदा दाखवून घ्या, पण माझा पुढचा कार्यक्रम त्याला लावू नका.

आता तुमचं टेंडन. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूची ताकद वाटीवरून नडगीच्या हाडापर्यंत पोहोचवणारा हा जाड पट्टा. उडी मारून उतरताना त्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो, आणि तो ताण साठवून पुढच्या उडीला परत द्यायचं कामही तेच करतं. हे बहुतांशी कोलॅजनच्या तंतूंचं बनलेलं असतं, रक्तपुरवठा स्नायूपेक्षा कमी आणि बदलाची गती फार सावकाश. स्नायू काही आठवड्यांत दमदार होतो, टेंडनला महिने लागतात. अकॅडमीत एकदम बेडूकउड्या वाढल्या तेव्हा मांड्यांनी जुळवून घेतलं, टेंडन मागे राहिलं. कोर्टवर रोज उड्या मारणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं. नॉर्वेमध्ये अव्वल दर्जाच्या खेळाडूंची पाहणी झाली तेव्हा व्हॉलीबॉलमध्ये सुमारे ४५ टक्के आणि बास्केटबॉलमध्ये सुमारे ३२ टक्के खेळाडूंना हा त्रास त्या वेळी चालू होता.

विहिरीच्या दोराला आराम दिला तर तो तेवढा कमी झिजतो, इतकंच. टेंडन जिवंत आहे. भार मिळाला तर ते स्वतःला घट्ट करतं आणि भार काढून घेतला तर सैल पडतं. दोन महिने तुम्ही काहीच केलं नाहीत तेव्हा दुखणं थांबलं, पण त्याच काळात टेंडनची आणि मांडीची ताकद आणखी उतरली. परतलात तेव्हा मैदान तेच होतं, गुडघा मात्र आधीपेक्षा कच्चा होता. म्हणून ‘सहा महिने काहीही करू नका’ हा सल्ला मला पटत नाही. सहा महिन्यांनी तुम्ही पुन्हा याच जागी उभे असाल. पण ‘दुखलं तरी रेटत राहा’ हेही तितकंच चूक. नॉर्वेतच व्हॉलीबॉलपटूंना ऐन हंगामात, खेळ पूर्ण चालू ठेवून, टेंडनचे व्यायाम दिले गेले. फायदा झाला नाही. व्यायाम बरोबर होते, पण वर उड्यांचा भार तसाच होता. आधी उड्या कमी, मग व्यायाम, हा क्रम त्यामुळे मी कधी मोडत नाही.

रिपोर्टातल्या ‘अर्धवट फाट’ या शब्दांनी तुमची झोप उडाली आहे, ते दिसतंय. एक लक्षात घ्या: ज्यांना काहीही दुखत नाही अशा उड्या मारणाऱ्या खेळाडूंच्या टेंडनमध्येही सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये असे डाग आणि जाडी सर्रास दिसते. उलट, पूर्ण बरा होऊन खेळायला लागलेल्या माणसाचा फोटो अनेकदा पहिल्यासारखाच राहतो. म्हणून मी फोटोवर उपचार ठरवत नाही, गुडघा काय करू शकतो त्यावर ठरवतो. अपवाद आहे: दुखणं एका ठरावीक क्षणी, पाय पडताना ‘कट’ असा आवाज होऊन सुरू झालं असेल, लगेच सूज आली असेल, पाय सरळ उचलताना ताकद गेल्यासारखी वाटत असेल, तर फाटेला खरा अर्थ आहे आणि आधी अस्थिरोग तज्ज्ञांनी हाताने तपासलं पाहिजे. तुमचं हळूहळू सुरू झालंय, म्हणून मी पुढचं लिहितोय.

काय करायचं? पहिला टप्पा, दुखणं शांत करण्याचा. गुडघा न हलवता स्नायू घट्ट धरून ठेवायचा. जिममध्ये लेग एक्स्टेन्शनचं मशीन असेल तर गुडघा साधारण ६० अंशांत वाकवून, जमेल तेवढं जड वजन ४५ सेकंद धरायचं, मध्ये दोनेक मिनिटं विश्रांती, असं ५ वेळा. मशीन नसेल तर टेम्पोत सामान बांधायचा रुंद पट्टा घ्या. तो खांबाला गुडघ्याच्या उंचीवर बांधा, त्याच्या फासात खांबाकडे तोंड करून उभे राहा, पट्टा दोन्ही गुडघ्यांच्या मागे येऊ द्या आणि मागे रेलून खुर्चीत बसल्यासारखे खाली या. नडगी उभी राहिली पाहिजे, गुडघे पुढे सरकता कामा नयेत. मांड्या थरथरायला लागल्या म्हणजे जमलं. यानंतर काही जणांचं दुखणं तासाभरासाठी चांगलंच उतरतं, काहींचं फारसं उतरत नाही. उतरलं नाही म्हणून घाबरू नका, पुढच्या टप्प्यावर जायला ती अट नाही.

दुसरा टप्पा हा या सगळ्याचा गाभा आहे आणि नेमका तोच लोक अर्धवट सोडतात. जड वजन, सावकाश हालचाल. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. लेग प्रेस, स्क्वॅट, एका पायाचा स्प्लिट स्क्वॅट. खाली जायला ३ सेकंद, वर यायला ३ सेकंद, मनातल्या मनात मोजत. सुरुवात जेमतेम १५ वेळा उचलता येईल अशा वजनाने, चार सेट. मग दर दोनतीन आठवड्यांनी वजन वाढवत आणि रेप (एका सेटमध्ये उचलण्याच्या वेळा) कमी करत साधारण १२ आठवड्यांत जेमतेम ६ वेळा उचलता येईल अशा वजनापर्यंत. ही पद्धत डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये मांडली. ‘वजनाशिवाय रोज शंभर बैठका मारतो, चालेल का?’ असं मुलं विचारतात. नाही चालणार. तालमीतली बैठक दम आणि स्नायूंसाठी उत्तम आहे, पण भराभर मारलेल्या हलक्या बैठकांनी टेंडनला बदलायला लागणारा ताण मिळत नाही, उलट वाटीखालची जागा चिडते. गावात जिम नसेल तर मजबूत सॅकमध्ये वाळू किंवा धान्य भरा, मागचा पाय पायरीवर ठेवा आणि पुढच्या पायावर सावकाश खाली-वर व्हा.

दुखलं तर चालेल का, हा प्रश्न येणारच. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर व्यायामाच्या वेळी तीनपर्यंत, फार तर चारपर्यंत मी चालवून घेतो. पण त्या क्षणाच्या दुखण्यापेक्षा मी दुसऱ्या दिवसाच्या सकाळवर जास्त विश्वास ठेवतो. त्यासाठी सुताराकडून एक फळी करून घ्या: ३० सेंटिमीटर लांब, टाचेकडची बाजू सुमारे १३ सेंटिमीटर वर, म्हणजे उतार साधारण २५ अंशांचा होतो. रोज सकाळी तिच्यावर दुखऱ्या पायावर एकदाच, भिंतीला बोट लावून, सावकाश खाली जा आणि दुखण्याचा आकडा वहीत लिहा. आदल्या दिवशी काहीही केलं असो, आकडा कालच्याइतकाच असेल तर भार झेपला. दोनाने वर गेला तर कालचा भार जास्त झाला. पुढच्या वेळी तो कमी करायचा, व्यायाम थांबवायचा नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी ही वही आणायला सांगतो, एमआरआयची फाइल नंतर उघडतो.

तिसऱ्या टप्प्यात उड्या येतात: आधी दोन पायांवर छोट्या, मग दोरीउड्या, मग एका पायावर. चौथ्यात तुमचा खेळ, तुमच्या बाबतीत वेगाने पळणं. हे दोन्ही एक दिवसाआडच्याही पुढे, दर तिसऱ्या दिवशी, आणि मधल्या काळात दुसऱ्या टप्प्याचं जड वजन चालूच. नेदरलँड्समध्ये २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा टप्प्याटप्प्याच्या भाराने, जुन्या पद्धतीपेक्षा, म्हणजे उतरत्या फळीवर दुखणं सोसत केलेल्या स्क्वॅटच्या व्यायामापेक्षा, २४ आठवड्यांनी चांगला परिणाम दिसला. मात्र त्याच अभ्यासात, त्या मुदतीत दुखापतीआधीच्या पातळीवर खेळात परतलेले निम्म्यापेक्षा कमी होते. सहा महिने हा शेवट धरू नका, बऱ्याच जणांना त्याहून जास्त लागतात. हे आधी सांगितलं नाही तर लोक तिसऱ्या महिन्यात कंटाळून इंजेक्शनकडे वळतात.

आता इंजेक्शन. तुम्हाला कोणतं सुचवलंय ते लिहिलं नाहीत, म्हणून दोन्हींचं सांगतो. स्टेरॉइड असेल तर मी नको म्हणेन. जड वजनाची पद्धत मांडणाऱ्या डेन्मार्कच्या २००९ च्या अभ्यासात एका गटाला स्टेरॉइड दिलं होतं. १२ आठवड्यांनी सगळेच गट सुधारलेले होते, पण सहा महिन्यांनी स्टेरॉइडचा गट पुन्हा घसरला आणि जड वजनाचा गट टिकला. शिवाय दुखणं दबलं की तुम्ही मैदानावर जोर लावणार, आणि तेव्हा आतलं टेंडन तयार नसेल. स्वतःच्या रक्तातून काढलेलं पीआरपी असेल तर ते महाग आहे, आणि २०१९ च्या एका काटेकोर चाचणीत साध्या सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा त्याचा जास्त उपयोग दिसला नाही. सगळ्यांना व्यायाम मात्र दिले होते. ऑपरेशनचं कुणी बोललं नाही हे बरं झालं. २००६ मध्ये नॉर्वेत ऑपरेशन आणि व्यायाम यांची थेट तुलना झाली आणि वर्षभराने दोन्हींत फरक नव्हता. नीट केलेले व्यायाम अनेक महिने करूनही ज्याचं जराही हलत नाही, त्याच्यासाठी तो मार्ग शिल्लक असतो. आणि त्यानंतरही हेच व्यायाम करावे लागतात.

मालीशचं म्हणाल तर मांडीवर हलक्या हाताने करून घ्या, बरं वाटेल. वाटीखालची जागा अंगठ्याने रगडू देऊ नका. तिथे कुठलीही शीर सरकलेली नसते की जी बसवायची आहे, आणि चिडलेलं टेंडन दाबाने आणखी चिडतं. वाटीखाली बांधायच्या पट्ट्याने पळताना थोडा आराम पडत असेल तर जरूर वापरा. बर्फाने बधिरता येते, तेवढाच त्याचा उपयोग.

इथवरचं सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुमच्या परिस्थितीत सर्वांत कठीण गोष्ट तारीख आहे. दहा आठवड्यांत टेंडन पूर्ण तयार होणार नाही. पण दहा आठवड्यांत तुम्ही चाचणी देण्याच्या स्थितीत येऊ शकता, आणि मी तुमच्या जागी असतो तर मैदानी चाचणीचे ५० गुण समोर ठेवून आखणी केली असती. १६०० मीटरचे २० गुण आहेत, १०० मीटरचे १५, गोळ्याचे १५. यात १६०० मीटर तुमच्या टेंडनला तुलनेने सोसणारं आहे. ते आठवड्यातून तीन दिवस ठेवा, डांबरी रस्ता सोडून मातीच्या मैदानावर, उतारावरून पळणं पूर्ण बंद. पहिले तीन आठवडे वेगाची घाई न करता, मग ४०० मीटरचे तुकडे हळूहळू वेग वाढवत. १०० मीटरची स्टार्ट आणि शेवटी थांबणं, हे दोन्ही टेंडनला सर्वांत जड. त्याचा सराव सहाव्या आठवड्याआधी नको, आणि तेव्हाही उभ्याने सुरुवात करून, रेषा ओलांडल्यावर वीसतीस मीटर सावकाश पुढे जात थांबायचं. गोळ्यासाठी तुम्हाला आज कुणी अडवलेलं नाही. ७.२६० किलोचा गोळा, खांदा, छाती, कमरेची फिरकी यांवर रोज काम करता येईल. फक्त उजवा गुडघा खोल वाकवून मागून सरकत येण्याऐवजी उभ्या जागेवरून फेक घोटवा. इथे वाढवलेला प्रत्येक मीटर १०० मीटरमध्ये गेलेले गुण भरून काढतो. अकॅडमीतल्या सरांना स्पष्ट सांगा की बेडूकउड्या आणि टेकडी या भरतीपुरती बंद. चांगले प्रशिक्षक ऐकतात, त्यांनाही मुलगा मैदानावर उभा राहायला हवा असतो.

वहीतला आकडा सहाव्या आठवड्यातही चार-पाचच्या खाली येत नसेल, तर ही भरती सोडून पुढच्या भरतीची तयारी करा, असं मी तुमच्या वडिलांनाही समोर बसून सांगेन. २३ हे या बाबतीत उशिराचं वय नाही.

चाचणीच्या सकाळी दुखऱ्या जागी इंजेक्शन घेऊन किंवा दोनदोन वेदनाशामक गोळ्या खाऊन पळणारे दर भरतीत दिसतात. त्याची भीती मला का वाटते, हे रोनाल्डोच्या गुडघ्यावरून सांगतो, ब्राझीलचा रोनाल्डो. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याच्या टेंडनला फाट गेली, ऑपरेशन झालं. १२ एप्रिल २००० ला रोममध्ये लाझिओविरुद्धच्या सामन्यात तो परतला आणि काही मिनिटांतच, कुणाचा धक्का न लागता, तेच टेंडन पूर्ण तुटलं. त्यातून उठून २००२ च्या विश्वचषकात त्याने ८ गोल केले, पण त्याच्यामागे जगातले उत्तम सर्जन आणि दोन वर्षांचा वेळ होता. तुमच्यासारख्या दुखण्यातून टेंडन पूर्ण तुटणं क्वचितच घडतं, हे मी मुद्दाम लिहितोय, उगाच भीती घेऊन पळू नका. पण स्टेरॉइडची इंजेक्शनं, मूत्रपिंडाचे जुने आजार, मधुमेह, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं यांनी टेंडन कमकुवत होतं. तापाला किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाला डॉक्टर औषध लिहून देतील तेव्हा टेंडनचं दुखणं चालू आहे हे त्यांना आधी सांगा, बहुतेक वेळा दुसरं औषध देता येतं.

आणि कधी पळताना वाटीखाली फटका बसल्यासारखं होऊन गुडघा दुमडला, वाटी वर सरकल्यासारखी दिसली, झोपून पाय सरळ ठेवून उचलता आला नाही, तर एक्स-रे उद्या, मालीश परवा असं करू नका. त्याच दिवशी अस्थिरोग तज्ज्ञांकडे जा. तुटलेलं टेंडन पहिल्या दोनेक आठवड्यांत शिवलं तर सरळ शिवता येतं. उशीर झाला की मांडीचा स्नायू आखडून वाटी वर ओढली जाते आणि तेच ऑपरेशन फार अवघड होतं.

उद्यापासून सुरुवात फळीने करा. आठवडाभराचे आकडे, जड वजनाचे किती सेट झाले आणि किती पळालात एवढं लिहून पाठवा, म्हणजे दुसऱ्या आठवड्याचं वजन किती ठेवायचं ते मी सांगू शकेन.